‘नानाले इचार’ हा रोग घालवायचा कसा: खेळाच्या कारभाऱ्यांसाठी मंडळाच्या शहाणपणाचं प्रशिक्षण

2016च्या ऑक्टोबरात माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं. घरच्यांनी मोबाइल काढून घेतला, आणि नेमक्या त्याच आठवड्यात आमच्या मंडळाच्या किशोरी गटाच्या मुली खो-खोची जिल्हा स्पर्धा खेळायला निघाल्या. चाळीसगावहून पहाटेची गाडी धरून पोरी वेळेवर पोचल्या. मैदानावर कागद तपासायला घेतले तेव्हा तिघींचे जन्मदाखले सापडेनात. दाखले माझ्या घरी पत्र्याच्या पेटीत, पेटीची किल्ली कपाटात, आणि कपाटाच्या कोणत्या खणात ते फक्त मला माहीत. प्रशिक्षकाने सहायकाला विचारलं, सहायकाने चिटणीसाला फोन लावला, चिटणीसाने खजिनदाराला. सगळ्यांचं उत्तर एकच: “माले काय माहीत? नानाले इचार.”

नाना म्हणजे मी.

पुढचं ऐका. त्या तिघींपैकी एकीची आई मैदानाबाहेर डब्यांची पिशवी सांभाळत बसली होती. तिच्या भावाचं झेरॉक्सचं दुकान. आमच्या सगळ्या दाखल्यांच्या प्रती त्याच्या कॉम्प्युटरमध्ये पडून होत्या. एक फोन केला असता तर दहा मिनिटांत मोबाइलवर आल्या असत्या, आणि संयोजकांनी तेवढ्यावर भागवून घेतलंही असतं. पण तिला कुणी विचारलं नाही. तिनेही आपणहून सांगितलं नाही. मोठी माणसं बोलत असताना बाईमाणसाने मधे कशाला पडा, असा तिचा हिशेब. तिघी बाहेर बसल्या, उरलेल्या नऊ जणी खेळल्या आणि दोन गुणांनी हरल्या.

परत आल्यावर सगळे मला भेटायला आले. “नाना, तुम्ही नव्हते म्हणून घात झाला.” खोटं कशाला सांगू, ऐकून बरं वाटलं. दोन दिवस मी त्याच आनंदात होतो. तिसऱ्या दिवशी पडल्या पडल्या हिशेब मांडला तेव्हा कळलं की घात मी नव्हतो म्हणून झालेला नाही. मी बावीस वर्षं सगळं स्वतःपाशी ठेवलं म्हणून झाला.

माझी नोकरी एसटीची. वाहतूक नियंत्रक होतो. कन्नडच्या घाटात गाडी बंद पडली तर मी रजेवर आहे म्हणून प्रवासी घाटात बसून राहत नाहीत. पाळी बदलताना चार्ज देतो तेव्हा कोणती गाडी कुठे अडकली, कोणता चालक दुहेरी ड्यूटीवर आहे, हे वहीत असतं. पुढचा माणूस वही बघून कामाला लागतो. दिवसभर हे करणारा माणूस संध्याकाळी मैदानावर येऊन सगळं डोक्यात ठेवायचा. डोक्यात ठेवलं की लोक विचारायला येतात, आणि लोक विचारायला आले की आपण मोठे वाटतो. एवढंच कारण होतं.

तेव्हापासून आजवर आमच्या मंडळात आणि मग चोपडा, अमळनेर, शिरपूर, शहादा अशा गावांतल्या कारभाऱ्यांसाठी मी जे प्रशिक्षण घेत आलो, ते इथे लिहितो. क्रीडा शिक्षक, संघ व्यवस्थापक, मंडळाचे चिटणीस, तालुका क्रीडा संकुलाचं काम बघणारे, यांतल्या कुणालाही हे स्वतः घेता येईल. बाहेरून वक्ता आणायची गरज नाही.

नाव मोठं आहे, घाबरू नका

पुतण्या जळगावला विद्यापीठात एमबीए करत होता. माझी रड ऐकून म्हणाला, “नाना, याला ऑर्गनायझेशनल इंटेलिजन्स म्हणतात.” त्याने चार पानं आणून दिली. त्यातलं कामाचं सांगतो.

हॅरॉल्ड विलेन्स्की नावाच्या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने 1967 साली मांडलं की संस्थेत माहिती असूनही ती योग्य जागी पोचत नाही, त्याला तीन मोठी कारणं असतात. उतरंड, म्हणजे खालचा वरच्याला खरं सांगायला कचरतो. वाटण्या, म्हणजे ज्याचं त्याचं खातं वेगळं आणि कुणी दुसऱ्याच्या खात्यात डोकावत नाही. आणि तिसरं, सगळं एकाच हातात. मी वाचलं आणि मला मैदानाबाहेर बसलेली ती आई दिसली. पहिलं कारण ती, दुसरं आमचा खजिनदार, तिसरा मी.

पुढे कार्ल अल्ब्रेख्त या सल्लागाराने संघटनेची बुद्धी मोजायला सात कसोट्या सांगितल्या. आमच्या भाषेत त्या अशा: आपण कुठे चाललोय हे सगळ्यांना ठाऊक असणं, यश-अपयश सगळ्यांचं मिळून असणं, बदलाची भूक, कामात जीव असणं, कामं आणि नियम एकमेकांना धरून असणं, कुणाला काय येतं त्याचा वापर होणं, आणि चांगलं काम करायचा दबाव एकमेकांनीच एकमेकांवर ठेवणं. इराणमध्ये या सात कसोट्यांची प्रश्नावली क्रीडा खात्यांतल्या लोकांकडून भरून घेऊन बरेच अभ्यास झालेत, म्हणजे खेळाच्या कारभाराला हे लावून बघणारे आपण पहिले नाही.

माझं मत विचाराल तर सातही एकदम हातात घेऊ नका. पहिल्या वर्षी तीन पुरेत: ज्ञानाचा वापर, कामांची जुळणी, आणि यश-अपयश मिळून घेणं. बदलाची भूक वगैरे जेवण बरं झालं की आपोआप लागते.

कुणाला बोलवायचं आणि कधी

इथे बहुतेक जण चुकतात. प्रशिक्षण कारभाऱ्यांचं म्हणून फक्त कारभारी बोलावतात. मग अध्यक्ष, चिटणीस, प्रशिक्षक असे सात जण फरसाणाची प्लेट पुढे घेऊन बसतात आणि एकमेकांना तेच सांगतात जे सगळ्यांना माहीत आहे. मी वीस माणसं धरतो. त्यांत निम्मेच पदाधिकारी. उरलेल्यांत मैदानावर फक्की मारणारा, दोन-तीन पालक (त्यात आया हव्यातच), गुणलेखन करणारा मुलगा, दोन माजी खेळाडू, दोन चालू खेळाडू, आणि संघ नेणाऱ्या क्रूझरचा ड्रायव्हर. ड्रायव्हरला बोलवा म्हटलं की लोक हसतात. पण पोरी एकमेकींशी काय बोलतात, कुणाचा गुडघा दुखतोय, कुणाचं लग्न जमवताहेत, हे सगळं त्याने परतीच्या वाटेवर ऐकलेलं असतं.

दिवस निवडताना खान्देशाचं पंचांग बघा. श्रावणात कानबाईच्या, म्हणजे आमच्या खान्देशी देवीच्या, रविवारी कुणी येणार नाही. सुरत-पुण्याला गेलेले भाऊबंद तिच्या रोटासाठी गावात आलेले असतात. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी, झोके बांधलेले. दिवाळीच्या मागेपुढे कापूस वेचणी, त्यात पालक तर सोडाच, आमच्या निम्म्या पोरीही सुट्टीच्या दिवशी शेतात असतात. मे महिन्यात पारा 45च्या घरात गेल्यावर दुपारी कुणाला शहाणपण शिकवता? मला जानेवारीचा शेवट किंवा जुलैतला पेरण्या आटोपल्यानंतरचा रविवार बरा वाटतो. जुलै जास्त चांगला, कारण त्यानंतर शालेय स्पर्धांचा हंगाम येतो. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी शिडी चढायची असते आणि आपला नाशिक विभाग म्हटला की नंदुरबार, धुळे, जळगावसोबत नाशिकच्या तगड्या शाळा समोर उभ्या असतात.

एकाच दिवसात आटपू नका. दोन अर्धे दिवस, मधे तीन आठवड्यांचं अंतर. सकाळी साडेसात ते बारा. हॉल नको, मैदानाच्या कडेला झाडाची सावली बरी. खर्च मामुली. आमचा गेल्या खेपेचा बत्तीसशे रुपये झाला, त्यातले निम्म्याहून जास्त शेवभाजी आणि कळण्याच्या भाकरीचे. जेवण पोटभर द्या, शेवटच्या तासाला त्याचा उपयोग होतो. कसा ते पुढे सांगतो.

सुरुवात: घमेल्यात मोबाइल

माणसं जमली की मधोमध एक घमेलं ठेवा आणि सगळ्यांचे मोबाइल त्यात टाकायला सांगा. मंडळाचा जो ‘नाना’ असेल (प्रत्येक मंडळात असतो, कुठे भाऊ, कुठे आबा, कुठे मॅडम) त्याला खुर्ची देऊन वीस पावलं लांब बसवा. त्याने पुढची वीस मिनिटं एक शब्द बोलायचा नाही. आता उरलेल्यांना कागदावरचे बारा प्रश्न वाचून दाखवा. उदाहरणादाखल माझे काही:

उद्या पहाटे पाच वाजता संघ निघायचा आहे आणि क्रूझर बिघडली, दुसरी गाडी कुणाची? मुलींना एसटीने न्यायचं तर तिकीट किती लागेल? (2023च्या मार्चपासून महिलांना अर्धं तिकीट आहे. हे अर्ध्या मंडळांना माहीत असूनही हिशेब पूर्ण तिकिटाने धरलेला असतो.) कुणाला दम्याचा त्रास आहे आणि तिचा पंप कुणाच्या पिशवीत असतो? ऑनलाइन प्रवेशिका भरायचा पासवर्ड कुणाकडे आहे? मागच्या वर्षी ज्या शाळेशी हरलो तिची तिसरी तुकडी का भारी पडली? क्रीडा कार्यालयातून आलेलं शेवटचं पत्र कोणत्या तारखेचं? मॅटवर खेळायचे बूट किती जोड आहेत आणि कोणत्या मापाचे?

नुसतं उत्तर मोजू नका. तीन रकाने करा. मंडळात कुणालाच माहीत नव्हतं. कुणाला तरी माहीत होतं पण वीस मिनिटांत बाहेर आलं नाही. वेळेत बाहेर आलं. मधला रकाना हाच आपला खरा रोग. आमच्याकडे पहिल्यांदा बारापैकी पाच उत्तरं त्या रकान्यात पडली. मी खुर्चीवर बसून ऐकत होतो. उत्तरं मला येत होती आणि जीभ आत वळवळत होती. हा अनुभव प्रत्येक ‘नाना’ला मिळालाच पाहिजे. अमळनेरला एका आबांना सातव्या मिनिटाला राहवेना, उठून ओरडलेच, “अरे, पासवर्ड माझ्या मुलीच्या वाढदिवसाचा आहे!” सगळं मैदान हसलं. आबाही हसले, पण त्या दिवशी पासवर्ड बदलून दोन जणांना दिला गेला.

खो देणं शिकवायचं ते खो-खोच्या पाटीवर

हा माझा आवडता भाग, म्हणून जरा लांबवतो.

खो-खो सगळ्यांना येतो असं धरून चालतो. आठ जण पाटीवर बसलेले, एकाआड एक तोंडं विरुद्ध दिशांना. म्हणजे बसलेल्या प्रत्येकाला अर्धंच मैदान दिसतं. नववा धावतो, त्याला मधली रेघ ओलांडता येत नाही, मागे वळता येत नाही. पलीकडचा गडी धरायचा तर पलीकडे तोंड करून बसलेल्याला पाठीमागून मोठ्याने खो द्यायचा आणि स्वतः त्याच्या जागी बसायचं. खो मिळायच्या आधी उठलं तर फाऊल. आपल्या पूर्वजांनी हा खेळ संघटना शिकवायला काढला असं मी म्हणणार नाही, पण इतकं तयार साहित्य आणखी कुठे मिळणार?

तर आठ कारभाऱ्यांना असं बसवा. वय झालेल्यांना स्टूल द्या. पाटीच्या एका बाजूला जमिनीवर मोठ्या अक्षरांतले कागद ठेवा: मुक्कामाची जागा, जेवणाची वेळ, डॉक्टरचा नंबर, शिल्लक पैसे. दुसऱ्या बाजूला: सामन्यांचं वेळापत्रक, तपासणीचे कागद, पंचांची बैठक, दुखापतींची यादी. बसलेल्याने फक्त समोर बघायचं. नववा धावता कारभारी. त्याला एक अडचण सांगा: “दुपारचा सामना अकराला आणलाय, दोन मुली उपाशी आहेत, एकीचा घोटा सुजलाय, काय करता?” याचं उत्तर दोन्ही बाजूंच्या कागदांत विखुरलेलं आहे. त्याला रेघ ओलांडून ओरडता येणार नाही. पलीकडे बघणाऱ्याला खो द्यायचा, काम पूर्ण त्याच्यावर सोपवायचं आणि खाली बसायचं. खेळातल्याप्रमाणे नऊ मिनिटं लावा.

पहिल्या फेरीत काय होतं ते मी अनेकदा पाहिलंय. धावता कारभारी खो देतो पण बसत नाही. दोघंही धावायला लागतात. किंवा बसतो, पण बसल्या बसल्या मागे वळून सूचना देत राहतो. तिथे शिट्टी वाजवा. प्रत्येक वेळी. काही जण खो द्यायचंच विसरतात आणि एकटे गोल गोल पळतात. आणि काही बसलेले असे असतात की खो मिळाला तरी उठत नाहीत, मागे बघून विचारतात, “मालेच दिना का?” त्यांचा दोष नाही. वर्षानुवर्षं त्यांना अर्धा खो मिळालेला असतो, म्हणजे काम दिलं पण पैसे नाहीत, किंवा पैसे दिले पण सहीचा हक्क नाही.

तीन फेऱ्या घ्या. दर फेरीला धावता बदला आणि शेवटच्या फेरीत एखाद्या पालकाला किंवा खेळाडूला धावू द्या. शहाद्याला अकरावीतल्या मुलीने साडेतीन मिनिटांत डाव संपवला. तिच्या सरांना दुसऱ्या फेरीत आठ लागली होती. सर दिलदार होते, त्यांनीच टाळी वाजवली. सगळेच सर दिलदार नसतात, म्हणून फेरी संपल्यावर वेळांची तुलना मोठ्याने करू नका.

सुतळी

पहिल्या दिवसाचा शेवट. सगळे गोलात उभे. एक सुतळीचा गुंडा. “गेल्या महिन्यात मंडळाच्या कामासाठी तुम्ही सगळ्यात जास्त वेळा कुणाला विचारलं?” त्याच्याकडे सुतळी. असं प्रत्येकाने तीन जणांपर्यंत न्यायची. पंधरा मिनिटांत चित्र दिसतं. एका माणसाच्या हातात सुतळीचा गुंता, आणि कडेला दोन-चार जण मोकळ्या हाताने उभे. मोकळ्या हातांची नावं लिहून घ्या. पुढचे तीन आठवडे त्यांच्यासाठीच आहेत: गुंतेवाल्याने आपली तीन कामं मोकळ्या हातांना द्यायची. खो द्यायचा तसा, बसून.

वाईट बातमी वर जाते का

दुसरा अर्धा दिवस तीन आठवड्यांनी. आधी अर्धा तास, दिलेल्या कामांचं काय झालं एवढं ऐका. मग या विषयावर या.

आपल्याकडे थोरल्याला तोंडावर चुकीचं सांगणं म्हणजे उद्धटपणा. अण्णा म्हणाले मैदान कोरडं आहे, तर कोरडं आहे. पाय रुतत असला तरी. हा मान मला मोडायचा नाही, मलाही तो हवाय. म्हणून मी फक्त बोलायचा क्रम उलटा करतो. बैठकीत सर्वांत लहान आधी, सर्वांत थोरला शेवटी. थोरला आधी बोलला की बाकी सगळे त्याच्याच वाक्याला शेपूट लावतात. लहान आधी बोलला तर त्याला मोडता घातल्याचं पाप लागत नाही, कारण अजून काही ठरलेलंच नसतं. हा एवढा बदल करून बघा, दुसरं काही जमलं नाही तरी चालेल.

सामन्यानंतरची बैठक याच पद्धतीने. अमेरिकी लष्करात 1970च्या दशकापासून सरावानंतर चार प्रश्न विचारायची रीत आहे: काय व्हायचं ठरलं होतं, काय झालं, फरक का पडला, पुढच्या वेळी काय करू. पंधरा मिनिटांच्या वर नाही. मी त्यात माझ्या तीन अटी घातल्यात. हरल्यावर लगेच गाडीत नाही. पोरी रडत असतात आणि प्रशिक्षक तापलेला असतो. जेवण झाल्यावर, हात धुऊन. दुसरी अट, ज्याला जी भाषा येते त्यात बोलायचं. मराठीत बोला म्हटलं की आमची निम्मी पोरं ‘हो सर’ म्हणून मोकळी होतात. अहिराणीत तीच पोरं पंचाच्या शिट्टीपासून भातातल्या खड्यापर्यंत सगळं सांगतात. तिसरी, चौथ्या प्रश्नाचं उत्तर कुणाच्या तरी नावावर टाकायचं. “बूट बघायला हवेत” असं वहीत आलं तर ते कुणीच बघत नाही.

भाषेवरून सातपुड्याची गोष्ट आठवली. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या आश्रमशाळेतल्या मुलामुलींची धाव बघितली की जिल्ह्याच्या ठिकाणचे प्रशिक्षक वेडे होतात. मग होळीआधी शिबिर लावतात आणि मुलं येत नाहीत म्हणून नाराज होतात. होळीच्या आधी तिकडे भोंगऱ्या बाजार असतो, सगळा पाडा तिथे. दिवाळीनंतर घरं ऊसतोडीला जातात, मोठी पोरं सोबत जातात. हे तिथल्या अधीक्षकाला, स्वयंपाकिणीला, मुलांना, सगळ्यांना माहीत असतं. वेळापत्रक करणाऱ्याला नसतं. त्याने एक फोन खालच्या माणसाला केला तर काम होतं, पण आपली सवय फोन वरच्या माणसाला करायची. म्हणून प्रशिक्षणात प्रत्येकाला वर्षाचा कागद द्या आणि आपापल्या गावाचे सण, वेचणी, परीक्षा, लग्नाची तीथ, मजुरीला जायचे महिने त्यावर भरायला लावा. सगळे कागद एकावर एक ठेवून उन्हात धरले की शिबिराला जागा कुठे आहे ते कळतं.

वही

वही एकच आणि कागदाची. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर सगळं आहे म्हणणाऱ्यांनी मागच्या नोव्हेंबरातला निवासाचा पत्ता शोधून दाखवावा. गुड मॉर्निंगच्या फुलांखाली तो गाडला गेलेला असतो.

वहीत चारच गोष्टी: काय ठरलं, कुणी करायचं, का ठरलं, आणि चार्ज देताना काय अर्धवट आहे. ‘का’ सोडू नका. शिरपूरच्या एका मंडळात सराव सकाळी सहालाच का, हे कुणाला सांगता येईना. पुढे कळलं की दहा वर्षांपूर्वी मैदानाशेजारी दुपारी ट्रक उभे राहायचे. ट्रक कधीच गेले होते. वही रोज वेगळ्या हातात द्या, म्हणजे अक्षर खराब असलं तरी डोळे वीस होतात. निधी, देणगी यांचा हिशेब यात नको, त्याची वेगळी वही हवीच.

दादरीचे दाणे

शेवटचा तास. जेवण झालेलं असतं, माणसं सैल झालेली असतात, खरं बोलतात. सात वाट्या मांडा, प्रत्येक वाटीवर एकेका कसोटीचं नाव, आणि नाव वाचता येत नसेल त्याला तोंडी समजावून सांगा. वाट्या खोलीत, आत एका वेळी एकच माणूस. त्याच्या मुठीत दादर ज्वारीचे दाणे. ज्या बाबतीत आपलं मंडळ जितकं बरं वाटतं तितके, शून्य ते पाच, दाणे त्या वाटीत टाकायचे. कागदावर गुण लिहायला सांगितलं की अक्षर ओळखलं जाईल म्हणून सगळे चार-चार देतात. दाण्याला अक्षर नसतं.

मोजून आकडे वहीत लिहा. तीन महिन्यांनी पुन्हा. आमच्याकडे दुसऱ्या खेपेला गुण वाढायच्या ऐवजी कमी झाले आणि खजिनदार म्हणाला, “नाना, परशिक्षण वाया गयं.” मला तसं वाटलं नाही. पहिल्यांदा लोकांनी भिडेखातर दाणे टाकले होते, दुसऱ्यांदा हिशेबाने. चौथ्या खेपेपासून आकडे सावकाश वर आले. त्यामुळे पहिल्या दोन मोजण्यांवर भाषण ठोकू नका आणि अध्यक्षांना पेपरात बातमी द्यायला तर मुळीच सांगू नका.

दाण्यांसोबत आणखी दोन गोष्टी मोजा, त्या जास्त खऱ्या आहेत. मोबाइल घमेल्यात टाकून तेच बारा प्रश्न पुन्हा विचारा आणि मधला रकाना किती उतरला ते बघा. आणि ‘नाना’ने महिन्याभरात मंडळाच्या कामाचे किती फोन आले ते लिहून ठेवावं. माझे दिवसाला अकरा-बारा होते, आता आठवड्याला तीन-चार येतात. पहिले काही महिने मला करमत नव्हतं, हे सांगायला लाज वाटते पण सांगतो. एकदा तर मीच फोन लावून विचारलं, “काही अडलं नाही ना?” पलीकडून पोरगी म्हणाली, “नही नाना, तुम्ही झोपा.”

दाखल्यांची पेटी आता संकुलाच्या खोलीत असते. तीन किल्ल्या केल्या. एक प्रशिक्षकाकडे, एक त्या झेरॉक्सवाल्याच्या बहिणीकडे, म्हणजे मैदानाबाहेर डबे घेऊन बसलेल्या त्या ताईंकडे. त्या आता संघाच्या व्यवस्थापिका आहेत. तिसरी किल्ली अजून माझ्या खिशात आहे. ती कुणाकडे द्यायची हा विषय दोनदा बैठकीत आला आणि दोन्ही वेळा मी चहा सांगायला उठलो. येत्या रविवारी पुन्हा आहे, आणि क्रमाप्रमाणे मला शेवटी बोलायचंय.